सोसायटीची ऑनलाइन सभा: आवाज, मत आणि रेकॉर्डिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत शंभरावर फ्लॅट आहेत आणि कोरोनापासून सभेला काही जण क्लब हाउसमध्ये बसतात, काही जण घरून जोडले जातात, काही दुबईहून, एक जण न्यू जर्सीहून. ही ऑनलाइन बाजू गेली काही वर्षं मी सांभाळतोय. दर सप्टेंबरला तेच प्रश्न येतात, फोनवर, लिफ्टमध्ये, खाली बागेत, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच ठेवू. आपल्या सोसायटीला उपयोग झाला तर घ्या. काही गोष्टी कायद्यातल्या आहेत, काही आमच्याकडे ठरवलेल्या पद्धती आहेत, जिथे आमची पद्धत आहे तिथे तसं लिहिलंय.

घरून जोडलेला सभासद खरंच सभेला हजर धरतात का?

कोरोनाच्या काळात राज्य सरकारने सहकारी संस्थांना व्हिडिओ कॉन्फरन्सवर सभा घ्यायची मुभा दिली आणि तेव्हापासून ही सवय लागली. आज तुमच्या सोसायटीला काय लागू आहे ते सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या कार्यालयात विचारून घ्या आणि लेखी घ्या. पण एकदा का नोटिशीत लिंक दिली, की त्या लिंकवरून आलेला माणूस हा सभेत बसलेला माणूस आहे, त्याला हॉलमधल्या खुर्चीवरच्या माणसाइतकंच ऐकू आलं पाहिजे आणि त्याचं बोलणंही तितकंच ऐकलं गेलं पाहिजे, हे मी कमिटीला दरवेळी सांगतो. बऱ्याच ठिकाणी लॅपटॉप कोपऱ्यात उघडा ठेवतात, आत तीसेक जण असतात आणि दोन तास त्यांच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही. त्याला हजेरी म्हणत नाहीत.

मला जमलं नाही तर शेजाऱ्याला माझं मत द्यायला सांगू का?

नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २७ प्रमाणे मत सभासदाने स्वतः द्यायचं असतं, प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्याने मत देणं, चालत नाही. सहयोगी सभासद, म्हणजे सभासदाच्या लेखी शिफारशीने सोसायटीने नोंदवून घेतलेला घरचा माणूस, त्याची गोष्ट वेगळी, त्याचे नियम आहेत. पण अमेरिकेतल्या मुलाने आईच्या नावावरच्या फ्लॅटसाठी लॉगिन केलं, तर तो ऐकू शकेल, मत नाही देऊ शकणार.

आणि म्हणूनच ही सगळी तांत्रिक कटकट मला महत्त्वाची वाटते. कंपन्यांच्या सभेत भागधारक आपल्या वतीने कोणाला पाठवू शकतो, इथे तसं नाही, त्यामुळे लाइन तुटली की ज्याची तुटली त्याचं मत गेलं, दुसरा कोणी ते देऊ शकत नाही.

मी आत आलोय, सगळे दिसतायत, पण आवाजच येत नाही. काय करू?

सगळ्यात जास्त येणारा फोन हाच आणि दहातल्या आठ वेळा कारणही एकच असतं. मोबाइलवर झूम उघडलं की तुम्ही सभेत येता पण आवाज वेगळा जोडावा लागतो, खाली डाव्या कोपऱ्यात माइकच्या जागी हेडफोनचं चित्र असतं आणि त्याखाली 'जॉइन ऑडिओ' लिहिलेलं असतं, ते दाबायचं, मग 'वायफाय ऑर सेल्युलर डेटा' दाबायचं, मग हेडफोनचा माइक होतो. हे होईपर्यंत तुम्ही कितीही मोठ्याने 'हॅलो हॅलो' केलंत तरी कोणाला काही जात नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या मोबाइलमागे आम्ही हे चित्र काढून चिकटवलंय, हेडफोन, मग बाण, मग माइक. त्यांना आता कोणाला हाक मारावी लागत नाही.

माइक जोडलाय तरी तुमचा आवाज जात नसेल तर फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्समध्ये जाऊन झूमला मायक्रोफोनची परवानगी आहे का बघा, पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'डोन्ट अलाउ' दाबलं गेलेलं असतं. ब्लूटूथ इअरफोन दुसऱ्या खोलीतल्या फोनला जोडलेला असणं हेही नेहमीचं. आणि सभा चालू असताना साधा फोन आला तर सभेचा आवाज तुटतो, तेवढ्या वेळापुरतं घरच्यांना सांगून ठेवा की फोन करू नका.

माझा आवाज तुटतो, चेहरा अडकतो. नेटचा प्लॅन बदलू का?

प्लॅन बदलायच्या आधी कॅमेरा बंद करून बघा. ग्रुप कॉलला व्हिडिओसाठी साधारण ६०० केबीपीएस ते १ एमबीपीएस लागतो, नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस पुरतात, म्हणजे कॅमेरा बंद केला की ओझं जवळपास दहावा हिस्सा होतं. दुसरं म्हणजे आपण बघतो डाउनलोडचा स्पीड आणि तुमचा आवाज बाहेर जातो अपलोडने, घरात कोणी त्याच वेळी लग्नाचे फोटो ड्राइव्हवर चढवत असेल तर बाकी सगळं मस्त चालेल आणि फक्त तुमचं बोलणं तुटेल. राउटरच्या खोलीत जाऊन बसा. लाइट जाते तिथे राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि मोबाइलचं हॉटस्पॉट एकदा आदल्या दिवशी चालवून बघा.

हॉलमध्ये शिट्टीसारखा कर्कश आवाज का होतो?

कारण हॉलमध्ये बसलेल्या चार जणांनीही मोबाइलवर सभा लावलेली असते. स्पीकरमधून आलेला आवाज दुसऱ्या मोबाइलचा माइक पकडतो, तो परत स्पीकरला जातो, आणि गोल गोल फिरत राहतो. एका खोलीत एकच माइक आणि एकच स्पीकर चालू, बाकीच्यांनी म्यूट नव्हे तर आवाजच जोडायचा नाही.

हॉलमधल्यांनी हातातल्या माइकवरच बोला, ही विनंती. दुरून बसल्या जागेवरून बोललात तर हॉलमधल्यांना ऐकू येतं, घरच्यांना नुसती कुजबुज. आमच्याकडे जो बोलेल त्याच्या हातात माइक जातो आणि तो जाईपर्यंत अध्यक्ष थांबतात, वेळ थोडा जातो पण जाऊ दे.

सभा मध्येच आपोआप बंद झाली, असं का?

फुकटचं खातं. झूमवर फुकटात ४० मिनिटं, गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असतील तर एक तास. वार्षिक सभा एवढ्यात हिशेबाच्या पानावरसुद्धा पोचत नाही. एका महिन्याचं पैसे भरलेलं खातं घ्या, सोसायटीच्या नावाने घ्या, सेक्रेटरींच्या मुलाच्या ऑफिसचं खातं वापरू नका, कारण त्यात रेकॉर्डिंग आणि कोण कोण आलं याची यादी त्या कंपनीच्या खात्यात जाऊन बसते आणि उद्या मुलाने नोकरी बदलली की तीही गेली.

मतदान चालू असताना माझी लाइन गेली. माझ्या मताचं काय?

याचं उत्तर मी जरा सविस्तर देतो कारण हे आमच्याकडे झालंय.

लिफ्ट बदलायचा ठराव होता. चर्चा तासभर चालली, मग अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं, आणि नेमकं तेव्हाच क्लब हाउसचं वायफाय गेलं. हॉलमध्ये हात मोजले, ठराव मंजूर म्हणून जाहीर झाला, पुढचा विषय सुरू झाला, आणि ऑनलाइन २७ जण रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसले होते. सात-आठ मिनिटांनी लाइन आली तेव्हा एक बाई शांतपणे म्हणाल्या, 'मी पंधराव्या मजल्यावर राहते, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून खाली येता आलं नाही, आणि लिफ्टच्या ठरावावर तुम्ही मला विचारलं नाहीत.' हॉलमध्ये कोणीच काही बोललं नाही. मतदान पुन्हा घेतलं, ठराव पुन्हाही मंजूर झाला, पण काही लोकांच्या मनात जे बसलं ते पुढची दोन वर्षं निघालं नाही, प्रत्येक निर्णयाला 'तेव्हासारखं केलंत का' हा प्रश्न आला.

त्यानंतर आम्ही सर्वसाधारण सभेतच एक कार्यपद्धती ठरवून घेतली. ही आमची आहे, कायद्याने सांगितलेली नाही. हॉलची लाइन गेली की सभा थांबते, घड्याळ बघून, आणि ती वेळ इतिवृत्तात लिहिली जाते. पंधरा मिनिटांत लाइन आली नाही तर नुसती माहिती द्यायचे विषय पुढे जाऊ शकतात, मतदानाचा एकही विषय जात नाही. एकट्या सभासदाची लाइन गेली तर त्याने एका ठरलेल्या नंबरवर लगेच फोन करायचा, फोन उचलणारा माणूस हॉलमध्ये अध्यक्षांच्या शेजारीच बसलेला असतो, आणि निकाल जाहीर व्हायच्या आधी फोन आला तर तो स्पीकरवर टाकून त्या सभासदाचं मत सगळ्यांसमोर घेतात. मत घ्यायच्या आधी अध्यक्ष मोठ्याने विचारतात, 'ऑनलाइन सगळ्यांना ऐकू येतंय का', आणि निदान तीन जणांकडून 'हो' येईपर्यंत पुढे जात नाहीत.

कोरमचंही, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचंही बघा. उपविधींप्रमाणे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २० यातली जी संख्या कमी ती लागते, मोठ्या सोसायटीत २० सहज होतात म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण हॉलमध्ये १२ आणि ऑनलाइन १० असतील तर वायफाय गेल्या क्षणी तुमचा कोरमही गेला.

मग मतं मोजायची कशी? झूमचा पोल चालेल?

पोल जोडलेली उपकरणं मोजतो, फ्लॅट मोजत नाही. नवरा-बायको दोन मोबाइलवर असतील तर दोन मतं पडतात, आणि दोन भाऊ एका लॅपटॉपसमोर असतील आणि दोघांचे वेगळे फ्लॅट असतील तर एकच. आम्ही फ्लॅट नंबर पुकारतो. 'ए ३०२?' 'मंजूर.' 'ए ३०३?' 'विरोध.' शंभर फ्लॅटला वेळ लागतो, बारा-पंधरा मिनिटं जातात, पण नंतर भांडण होत नाही. यासाठी प्रत्येकाने आत आल्यावर नाव बदलून फ्लॅट नंबर आणि आडनाव लिहायचं, 'सॅमसंग ए १४' किंवा 'आयफोन' नावाच्या माणसाचं मत धरता येत नाही. कमिटीची निवडणूक यात आणू नका, तिचे नियम वेगळे आहेत आणि मत गुप्त असतं.

कंपन्यांच्या संचालक मंडळाच्या सभेचा २०१४ चा एक नियम मला फार आवडतो. व्हिडिओवरून जोडलेल्या प्रत्येक संचालकाने सुरुवातीला हजेरीच्या वेळी आपलं नाव, कुठून बोलतोय ती जागा, कागदपत्रं मिळाली का, आणि आपल्याबरोबर दुसरं कोणी ऐकत बसलेलं नाही, हे सांगायचं असतं. सोसायटीला तो लागू नाही, पण नाव आणि फ्लॅट सांगून 'ऐकू येतंय' एवढं म्हणायची पद्धत आम्ही तिथूनच उचलली.

होस्ट कोणी असावं? अध्यक्षांनीच ना?

अध्यक्षांनी सभा चालवावी, होस्टचं काम दुसऱ्याने करावं आणि सोबत एक को-होस्ट असावा, होस्टचंच नेट गेलं तर सभा चालू राहायला. होस्टच्या हातात कोणालाही म्यूट करायची आणि बाहेर काढायची ताकद असते, ती किती मोठी आहे हे इंग्लंडमधल्या हँडफोर्थ गावाच्या पॅरिश कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेत, दिसलं. डिसेंबर २०२० ची त्यांची झूम सभा पुढच्या फेब्रुवारीत जगभर पाहिली गेली, झूमची बाजू सांभाळणाऱ्या जॅकी वीव्हर यांनी सभेच्या अध्यक्षांनाच बाहेर काढलं होतं. लोकांनी त्यांचं कौतुक केलं. पण नंतरच्या चौकशीत, परिस्थिती कठीण होती हे मान्य करूनही, तसं काढायचा रीतसर अधिकार त्यांच्याकडे नव्हता असंच निघालं. आमच्याकडे होस्ट स्वतःच्या मनाने कोणाला बाहेर काढत नाही, अध्यक्षांनी नाव घेऊन सांगितलं तरच काढतो आणि ते इतिवृत्तात येतं. विरोधात बोलणाऱ्याला 'चुकून' म्यूट केलं असं एकदा जरी झालं ना, तर कोणी परत विश्वास ठेवत नाही.

लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का?

ग्रुपवर भाडेकरू असतात, फ्लॅट विकून गेलेले असतात, ब्रोकर असतो, पुनर्विकासाची चर्चा असेल तर बिल्डरचा माणूसही असू शकतो. सभासदाला त्याच्या नोंदवलेल्या ईमेलवर किंवा नंबरवर वेगळी पाठवा. दर सभेला नवी लिंक करा, पासवर्ड ठेवा, वेटिंग रूम चालू ठेवा आणि यादी हातात घेऊन एकेकाला आत घ्या.

२०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये अनोळखी लोक झूमच्या वर्गांमध्ये, सभांमध्ये घुसून घाणेरडं काहीतरी दाखवायचे, अमेरिकेत एफबीआयने इशारा दिला, आपल्या गृह मंत्रालयानेही एप्रिलमध्ये सूचना काढली. ते दिवस गेले असं वाटत असेल तर डिसेंबर २०२३ आठवा, कर्नाटक उच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत कोणीतरी अश्लील दृश्यं लावली आणि न्यायालयाला व्हिडिओ कॉन्फरन्स आणि थेट प्रक्षेपण काही काळ बंद करावं लागलं. स्क्रीन शेअरचा हक्क फक्त होस्टकडे ठेवा, एवढ्यानेच बरंच टळतं.

सभेचं रेकॉर्डिंग मला मिळेल का? मी सभासद आहे, माझा हक्क आहे.

हा प्रश्न रागाने येतो, आणि राग मला समजतो, पण माझं मत पक्कं आहे. सभेचा अधिकृत कागद म्हणजे इतिवृत्त. ते मागा, चुकलं असेल तर दुरुस्तीसाठी भांडा. रेकॉर्डिंग हे इतिवृत्त नीट लिहायला आणि वाद झाला तर तपासायला आहे. पुनर्विकासाच्या सभेचं वेगळं आहे, तिथे ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातच व्हिडिओ चित्रीकरण सांगितलंय.

एवढं का ताणतो ते सांगतो. एका वर्षी थकबाकीच्या विषयात एका सभासदाने सगळ्यांसमोर सांगितलं की घरात आजारपण आहे, नोकरी गेली आहे, सहा महिने द्या. तो माणूस आपल्या शेजाऱ्यांशी बोलत होता. दोन दिवसांनी त्याचा चाळीस सेकंदांचा तुकडा दुसऱ्याच ग्रुपवर फिरत होता, त्याच्या मुलीच्या शाळेतल्या पालकांपर्यंत पोचला. तो पुढे कधीच सभेला आला नाही, हॉलमध्येही नाही. पैसे त्याने सगळे भरले.

आता आमच्याकडे रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी सांगतात, कशासाठी आणि किती दिवस ठेवणार तेही सांगतात. ते सोसायटीच्या एकाच लॅपटॉपवर राहतं, क्लाउडवर जात नाही. ज्याला बघायचं त्याने ऑफिसमध्ये येऊन दोन पदाधिकाऱ्यांसमोर बघायचं. पुढच्या सर्वसाधारण सभेत इतिवृत्त कायम झालं आणि वाद कुठे चालू नसला की पुसतात आणि पुसल्याची नोंद करतात. कोणाची किती बाकी हा हिशेबाचा भाग आहे, तो सभेत येणारच, पण का थकली हे सांगायची वेळ आली तर अध्यक्ष आधी रेकॉर्डिंग थांबवायला सांगतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क म्हटलं, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. पण त्या शेजाऱ्याच्या बाबतीत आम्ही जे होऊ दिलं ते कळायला कायद्याची गरज नव्हती.

कोणी चोरून रेकॉर्ड केलं तर थांबवता येतं का?

नाही. समोर दुसरा मोबाइल धरून रेकॉर्ड केलं तर कुठलंही ॲप पकडू शकत नाही. म्हणून जे सांगायचंय ते रेकॉर्ड होतंय असं समजूनच बोला, आणि घरचं, आजारपणाचं काही असेल तर कमिटीला लेखी द्या, सभेत बोलायची सक्ती कोणी करू शकत नाही.

म्यूट केल्यावर खरंच माझं बोलणं जात नाही ना?

सभेतल्या लोकांना जात नाही. पण ॲपचं बटण दाबलं म्हणजे माइक बंद झाला असं नाही, २०२२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं तर बरीच ॲप्स म्यूट असतानाही माइककडून आवाज घेत होती, आणि एका ॲपकडून त्या आवाजाबद्दलची माहिती सर्व्हरलाही जात होती, ते नंतर बंद केलं गेलं. घरात काही खाजगी बोलणं निघालं तर ॲपमधून बाहेर या, परत येता येतं. नव्या अँड्रॉइड फोनवर माइक चालू असला की वर कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, आयफोनवर केशरी, त्यावर नजर ठेवा.

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती आहे का?

आमच्याकडे हजेरीच्या वेळी आणि मत देताना चेहरा दाखवायचा, बाकी वेळ तुमची मर्जी. एका खोलीच्या घरातून कोणी जोडलं असेल, मागे सासूबाई झोपल्या असतील, मुलं अभ्यास करत असतील, त्यांचं घर शंभर जणांना दाखवायचा आपल्याला काय हक्क? चष्मेवाल्यांनी हेही लक्षात ठेवा, समोरच्या स्क्रीनचं प्रतिबिंब चष्म्यात दिसतं आणि मोठी अक्षरं त्यातून वाचता येतात असं २०२२ च्या एका अभ्यासात दाखवलंय. सभेच्या वेळी बँकेचं पान बाजूला उघडू नका.

यादीत 'नोटटेकर' नावाचं कोण आलंय?

माणूस नाही. कोणीतरी ऑफिसच्या कामासाठी एआयचं टिपणं घेणारं ॲप आपल्या कॅलेंडरला जोडलेलं असतं, ते आपणहून आत येतं, सगळं ऐकतं, लिहितं आणि दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर ठेवतं. ज्याचं असेल त्याला बहुतेक वेळा माहीतही नसतं. वेटिंग रूममध्येच थांबवा.

हिशेब दाखवताना पूर्ण स्क्रीन शेअर केली तर काय बिघडतं?

व्हॉट्सॲपचे मेसेज वरून घसरत येतात आणि सगळे वाचतात, डेस्कटॉपवरच्या फाइलींची नावंही दिसतात. फक्त ती एक विंडो शेअर करा आणि नोटिफिकेशन बंद ठेवा.

झूमवर बोललेलं कोणी मधे ऐकू शकतं का? एन्क्रिप्शन असतं ना?

असतं, म्हणजे बोलणं वाटेत कुलूपबंद होऊन जातं, पण कुठलं ते बघा. झूम अनेक वर्षं 'एंड टू एंड एन्क्रिप्शन', म्हणजे कुलपाची किल्ली फक्त सभेतल्या लोकांकडेच, आहे असं सांगत होतं आणि ते तसं नव्हतं, किल्ल्या कंपनीकडेच होत्या, यावर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्याशी तडजोडीचा करार केला. खरं एंड टू एंड ऑक्टोबर २०२० पासून मिळतं पण ते मुद्दाम चालू करावं लागतं आणि मग साध्या फोनवरून डायल करून जोडता येत नाही. ज्या सोसायटीत आजी-आजोबा लँडलाइनवरून जोडतात तिथे मी त्यांना बाहेर ठेवून ते चालू करणार नाही. आपल्याला धोका मधल्या चोरट्यापेक्षा फॉरवर्ड झालेल्या क्लिपचा जास्त आहे.

'तुमची मीटिंग जोडून देतो, ॲनीडेस्क टाका' असा फोन आला.

ठेवून द्या. ॲनीडेस्कने समोरचा तुमचा फोन चालवू शकतो, रिझर्व्ह बँकेने याबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं. व्हॉट्सॲपवर 'मीटिंग ॲप' म्हणून एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) आली तर तीही उघडू नका. सोसायटीची मदत हवी असेल तर आमचा माणूस दारावर येतो.

झूमच बंद पडलं तर?

पडतं. १६ एप्रिल २०२५ ला डोमेनच्या नोंदणीतल्या गोंधळामुळे झूमचा पत्ताच जगभर बंद झाला, दोनेक तास. आपल्याकडे मध्यरात्र होती म्हणून जाणवलं नाही. नोटिशीतच दुसरी, गूगल मीटची लिंक देऊन ठेवा आणि कुठल्या वेळेला तिकडे जायचं तेही लिहा.

सभेची वेळ परदेशातल्या सभासदांना धरून ठरवावी का?

सगळ्यांना सोयीची वेळ नसते. रविवारी सकाळी १० म्हणजे सप्टेंबरात दुबईत साडेआठ, न्यू जर्सीत शनिवारची रात्र उलटून साडेबारा. आमचे तिथले सभासद जागे राहतात, म्हणून मतदानाचे विषय आम्ही पहिल्या तासात घेतो आणि सत्कार, आभार शेवटी. शनिवारी संध्याकाळी ७ ला वीस मिनिटांची चाचणी लिंक चालू असते, ज्यांना खात्री करायची त्यांनी तेव्हा येऊन 'ऐकू येतंय' म्हणून जावं. ज्यांना तेव्हाही जमलं नाही त्यांच्याकडे आम्ही रविवारी साडेआठपासून घरोघरी जातो, पंधराव्या मजल्यापासून सुरुवात करतो.